नव्या रस्त्यावरची गोल भोकं, आणि भोक न पाडता कळणारं बरंच काही

नवा डांबरी रस्ता होऊन आठ दिवस होत नाहीत तोच त्यावर ठिकठिकाणी गोल ठिगळं दिसायला लागतात. बशीएवढी, कंपासने आखल्यासारखी नेमकी गोल. आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर ती उमटली तेव्हा शेजारचे काका तावातावाने म्हणाले, "आत्ता कुठे डांबर पडलं आणि लगेच खोदायला सुरुवात!" काकांचा राग समजण्यासारखा होता. पण ती खोदाई पाण्याच्या किंवा केबलच्या लाइनसाठी नव्हती. रस्ता नीट झालाय का, हे बघायला त्याचा तुकडा काढून नेला होता.

या तुकड्याला साइटवर कोअर म्हणतात. फिरत्या नळीसारखं कटर रस्त्यात उतरवायचं आणि दहा किंवा पंधरा सेंटिमीटर व्यासाचा गोल ठोकळा बाहेर काढायचा. प्रयोगशाळेत त्याची जाडी मोजतात, वजन करतात, घनता काढतात. पद्धत जुनी आहे आणि भरवशाचीही. अडचण आहे ती वेगळीच.

हिशोब करून बघू. एक किलोमीटर लांब आणि सात मीटर रुंद रस्ता म्हणजे ७,००० चौरस मीटर. त्यावर दहा सेंटिमीटर व्यासाचे दहा कोअर काढले, तर आपण प्रत्यक्ष तपासलेली जागा भरते जेमतेम ७८५ चौरस सेंटिमीटर. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाहूनही कमी. बाकीचा सगळा रस्ता न बघताच पास.

यावर कोणी म्हणेल, शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच की. करतो, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. रस्त्याचं तसं नाही. वर सांगितलेल्या रस्त्यावर पाच सेंटिमीटरचा एकच थर टाकायचा म्हटला तरी साडेआठशे टनांच्या आसपास माल लागतो, म्हणजे चाळीस-पन्नास डंपर. प्रत्येक डंपर हे वेगळं पातेलं. कोणी ट्रॅफिकमध्ये अडकला, कोणावर ताडपत्री नव्हती, कोणाचा माल पेव्हरमध्ये, म्हणजे डांबर अंथरणाऱ्या यंत्रात, पडताना पावसाची सर आली. दहा शितं काढून पन्नास पातेल्यांचा निकाल लावायचा, असा हा प्रकार आहे.

म्हणून रस्ता न तोडता, न फोडता तपासायच्या पद्धती आल्या. अभियंते त्यांना एनडीटी म्हणतात. हा शब्द आता बातम्यांतही दिसेल, कारण रस्त्यांची जबाबदारी ठरवण्याचा प्रश्न पेटलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल दिला. त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २३ राज्यांतल्या २०,९३३ किलोमीटर महामार्गांची पाहणी यंत्रं बसवलेल्या खास गाड्यांनी करायचं जाहीर केलं. या गाड्या नेमकं काय बघतात आणि त्यांना काय दिसत नाही, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

## रस्ता म्हणजे अंथरूण

वरून काळा दिसणारा रस्ता म्हणजे एकावर एक घातलेलं अंथरूण आहे. सगळ्यात खाली मूळ जमीन किंवा भराव. त्यावर मुरूम आणि खडीचं मिश्रण. त्यावर ठराविक मापाची खडी पाणी मारून, रोलरने घट्ट दाबलेली. मग डांबरात घोळवलेल्या मोठ्या खडीचा थर आणि सगळ्यात वर बारीक खडीचा, गुळगुळीत थर. दोन डांबरी थर एकमेकांना चिकटावेत म्हणून मध्ये पातळ डांबराचा फवारा मारतात, तो टॅक कोट. (आपण सवयीने डांबर म्हणतो ते आता कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून उरलेलं बिटुमेन असतं. कोळशापासून निघणारं जुनं डांबर वेगळं.)

या अंथरुणाचं काम एकच: चाकाखाली तळहाताएवढ्या जागेवर येणारा भार खाली जाता जाता पसरवत न्यायचा, म्हणजे मातीपर्यंत पोहोचेपर्यंत तो तिला सोसेल इतका सौम्य झालेला असेल. विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे हे काम आणखी अवघड होऊन बसतं.

## खड्डा दिसतो पावसात, पण सुरू कधी होतो?

आपण खड्डा दिसला की रस्ता बिघडला म्हणतो. खरं तर तोपर्यंत आजार शेवटच्या टप्प्यात आलेला असतो. त्याची सुरुवात साधारण तीन ठिकाणी होते.

पहिली जागा म्हणजे वरच्या थरातल्या पोकळ्या. डांबरी थर पूर्ण भरीव नसतो आणि नसावाही. प्रयोगशाळेत मिश्रण ठरवताना त्यात तीन ते पाच टक्के हवा ठेवतात. रस्त्यावर रोलर फिरवून झाल्यावर ती सात टक्क्यांच्या आसपास असते आणि पुढे वाहनांच्या चाकांखाली थोडी कमी होते. पण हे प्रमाण आठ टक्क्यांच्या वर गेलं की सुट्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळते. मग प्रत्येक चाक जाताना ते पाणी दाबाने आत ढकलतं, पुढे सरकताना बाहेर ओढतं. हजारो चाकांनी हे केलं की खडीवरचं डांबर सुटतं. खडी मोकळी होते आणि एक दिवस उडून जाते. तो खड्ड्याचा पहिला दिवस.

दुसरी जागा, दोन थरांमधली. खालच्या थरावर धूळ किंवा ओल असताना वरचा थर टाकला, की टॅक कोट पकडत नाही. वरचा थर नुसता ठेवल्यासारखा राहतो. सिग्नलजवळ, बसथांब्यावर, जिथे गाड्या ब्रेक मारतात तिथे चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा पडतात, त्या बहुधा याच कारणाने.

तिसरी जागा सगळ्यात खोल. पाया किंवा माती खचते आणि वरचं डांबर प्रत्येक चाकाबरोबर वाकत राहतं. तार वाकवून वाकवून तुटते तसं ते थकतं. मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं दिसलं किंवा चाकं जातात तिथे लांबच लांब चाकोरी खचली, तर अनेकदा दुखणं खाली असतं. अशा रस्त्यावर वरून नवा थर टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

तिन्ही ठिकाणी सुरुवातीला डोळ्यांना काहीच दिसत नाही. एनडीटीची गरज तिथेच आहे.

## राजगिऱ्याचे लाडू आणि उष्णतेचा कॅमेरा

राजगिऱ्याचे लाडू करताना आई घाई का करते, हे ज्याने कढईजवळ उभं राहून बघितलंय त्याला डांबरी रस्त्याचं अर्धं शास्त्र कळलं. गुळाचा पाक गरम आहे तोवर लाडू वळतो. गार झाला की कितीही दाबा, मिश्रण भुसभुशीतच राहतं.

आपल्याकडे नेहमी वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रकारच्या डांबराचं मिश्रण प्लांटमध्ये १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होतं. रस्त्यावर अंथरताना ते किमान १४० अंश असायला हवं आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरचं काम संपायला हवं. या दोन आकड्यांमधला वेळ थोडा असतो. पातळ थर, वारा सुटलेला, रात्रीचं काम, असं असेल तर आणखी कमी.

आता डंपरमध्ये काय होतं बघा. तासाभराच्या प्रवासात वरचा आणि कडेचा माल गार होतो, आतला गरमच राहतो. डंपर पेव्हरमध्ये रिकामा होताना हा गार माल एकाच ठिकाणी येऊन पडतो. अंथरल्यावर तो बाकीच्या रस्त्यासारखाच काळा आणि वाफाळता दिसतो. रोलर सगळ्यावर सारखेच फेरे मारतो, पण गार पट्टा नीट दबत नाही. तिथे पोकळ्या जास्त राहतात.

अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात १९९०च्या दशकात संशोधकांनी ताज्या डांबराकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा रोखला. जे डोळ्यांना एकसारखं काळं दिसत होतं, ते पडद्यावर पिवळं-लाल आणि मध्येच निळं दिसलं. ते निळे, म्हणजे गार, ठिपके ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा येत होते. हे अंतर साधारण एका डंपरच्या मालाने जेवढा रस्ता होतो तेवढं. आपल्याकडच्या दोन-तीन वर्षं जुन्या रस्त्यावरून दुचाकीने जाताना एकसारख्या अंतरावर खरबरीत पट्टे लागले, तर हे आठवून बघा.

मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण ती चूक सुधारता येण्याच्या वेळेत चूक दाखवते. माल अजून गरम आहे, रोलर उभा आहे, लगेच तिकडे वळवता येतो. उपायही साधे आहेत: डंपरवर ताडपत्री बांधा, पेव्हर सारखा थांबू देऊ नका, शक्य असेल तिथे पेव्हरच्या आधी माल पुन्हा ढवळून एकजीव करणारं यंत्र लावा. रस्ता एकदा गार झाला की मात्र या कॅमेऱ्याचं मुख्य काम संपतं. पुढे भर उन्हात सुटलेले थर थोडे जास्त तापलेले दिसू शकतात, पण सावली, ओल आणि वारा त्यात गोंधळ घालतात.

## रडार: रस्त्याच्या आत मारलेली हाक

घाटात हाक मारली की समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो. जमिनीत बघणारं रडार, म्हणजे जीपीआर, हेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरींनी. गाडीच्या मागे किंवा पुढे बसवलेली पेटी रस्त्यात लहर सोडते. जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून तिचा थोडा भाग परत येतो. डांबर संपलं, खडी सुरू झाली, एक प्रतिध्वनी. खडी संपली, माती लागली, दुसरा.

परत यायला लागलेल्या वेळेवरून जाडी कळते. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, तीस सेंटिमीटर जाते. डांबरी थरात तिचा वेग साधारण बारा सेंटिमीटरवर येतो. म्हणून दहा सेंटिमीटर जाड थराच्या तळापर्यंत जाऊन परत यायला तिला साधारण १.७ नॅनोसेकंद लागतात. प्रतिध्वनी त्याआधीच आला, तर थर कागदावर लिहिल्यापेक्षा पातळ आहे. गाडी वाहतुकीच्या वेगाने चालत राहते आणि रस्त्याचा उभा छेद पडद्यावर उमटत जातो. बिल दहा सेंटिमीटरचं आणि थर सात सेंटिमीटरचा, ही तक्रार कोअर न काढता किलोमीटरच्या किलोमीटर तपासता येते.

पाणी शोधायला रडार फार चांगलं. लहरींना पदार्थ किती अडखळवतो याचा एक आकडा असतो. हवेसाठी तो १, कोरड्या डांबरी थरासाठी साधारण ४ ते ८, आणि पाण्यासाठी ८०च्या आसपास. इतका फरक असल्यामुळे थरात मुरलेलं पाणी रडारच्या चित्रात ठळकपणे उठून दिसतं. याच तत्त्वावर घनताही कळते, कारण हवा जास्त असेल तर हा आकडा खाली येतो. अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यांनी रोलरच्या मागोमाग ढकलत न्यायच्या रडार गाड्या वापरून नव्या रस्त्याच्या घनतेचा सलग नकाशा काढायला सुरुवात केली आहे.

रस्त्याखालची पोकळीही रडार शोधू शकतं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक बघता बघता जमिनीत गेला होता, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. तिथे डांबर नव्हतं, पेव्हर ब्लॉक होते, पण धोका तोच: वर सगळं शाबूत आणि खाली काही नाही. अशा जागा शोधणं हे रडारचं एक महत्त्वाचं काम आहे. मर्यादा एवढीच, की रस्त्यासाठीच्या सूक्ष्म रडारची नजर अर्ध्या मीटरच्या आसपास संपते. त्याहून खोल बघायला कमी वारंवारतेचं रडार लागतं आणि मग बारकावे दिसत नाहीत. आणि ओल्या चिकणमातीत कुठलंही रडार लवकर आंधळं होतं.

घनता मोजायची आणखी दोन हातातली यंत्रं आहेत. एकात किरणोत्सारी स्रोत असतो. गॅमा किरण थरातून किती परत येतात यावरून घनता कळते, पण ते बाळगायला आणि वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळावे लागतात. दुसरं विजेच्या क्षेत्रावर चालतं, वापरायला सोपं आहे, पण रस्ता ओला असला की चुकतं.

## मुठीएवढा आवाज, केसाएवढा बारीक खळगा

रडार जाडी सांगतं. पण जाड थर मजबूत असेलच असं नाही. जाड गादीही जुनी झाली की बसकी होते. मजबुती कळायला तिच्यावर बसून बघावं लागतं.

ही कल्पना १९५०च्या दशकात अमेरिकेत आली. बेंकेलमन नावाच्या अभियंत्याने एक लांब दांडा तयार केला. ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या मधल्या फटीत त्याचं टोक ठेवायचं आणि ट्रक हळूच पुढे न्यायचा. भार हलला की दबलेला रस्ता वर येतो आणि तो किती वर आला हे दांड्याच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या घड्याळासारख्या मापकावर वाचायचं. आपल्याकडे रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने याची पद्धत ठरवून दिली: मागच्या आसावर ८,१७० किलो भार, टायरमध्ये ठरलेला दाब. (ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली, ती १९२७ साली नेमलेल्या जयकर समितीच्या शिफारशींमधून. समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात अभ्यास केलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की देशाच्या रस्त्यांच्या नियमांमागेही तेच नाव आहे!)

बेंकेलमनचा दांडा अजूनही वापरात आहे, पण तो संथ आहे आणि त्यात ट्रक सावकाश सरकतो. खऱ्या रस्त्यावर चाक येतं आणि क्षणात जातं. तो क्षण पकडणारं यंत्र म्हणजे एफडब्ल्यूडी, सोप्या शब्दांत वजन पाडून खळगा मोजणारी गाडी. तिच्या वापराची भारतीय पद्धत २०१४ मध्ये ठरली.

ही चाचणी मी एका राज्य मार्गावर रात्री उभं राहून पाहिली आहे. जीपच्या मागे छोटा ट्रेलर, त्याच्या पोटाखाली तीस सेंटिमीटर व्यासाची पोलादी तबकडी. जीप थांबली, तबकडी रस्त्यावर टेकली, तिच्या पुढे एक लांब पट्टी खाली आली आणि पट्टीवरचे सेन्सर एकेक करून रस्त्याला टेकले. मग वर उचललेलं वजन रबराच्या गाद्यांवर पडलं. धप्प! फार मोठा आवाज नाही, जमिनीवर मूठ आपटल्यासारखा. पायाला किंचित जाणवलं. त्या क्षणी, सेकंदाच्या चाळिसाव्या भागात, रस्त्यावर चार टनांचा भार येऊन गेला होता. तीन वेळा धप्प, मिनिटभरात सगळं वर आणि जीप पुढच्या खुणेकडे. रस्त्यावर ओरखडासुद्धा नाही.

सेन्सर काय मोजतात? तबकडीखाली पडलेला, डोळ्याला न दिसणारा उथळ खळगा. मध्यभागी तो अर्धा-एक मिलिमीटर आणि मीटर-दीड मीटरवर केसाच्या जाडीएवढा. गंमत अशी, की खळग्याच्या आकारातच कुठला थर आजारी आहे हे लिहिलेलं असतं. भार खाली जाताना छत्रीसारखा पसरतो. म्हणून तबकडीच्या बरोबर खालची जागा सगळ्या थरांमुळे दबते, पण मीटरभर लांबची जागा हलते ती फक्त खोल मातीमुळे.

समजा तीन ठिकाणी मोजलं. पहिल्या जागी मध्यभागी ०.४५ मिलिमीटर आणि १.२ मीटरवर ०.०६. रस्ता ठणठणीत. दुसऱ्या जागी मध्यभागी ०.९०, पण लांब ०.०७. म्हणजे माती चांगली आहे, वरचे थर ढिले पडलेत. तिसऱ्या जागीही मध्यभागी ०.९०, पण लांब ०.२०. इथे मातीच मऊ आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेचा वरून फोटो काढला तर दोन्हीकडे भेगा सारख्याच दिसतील. उपाय मात्र वेगळे. दुसरीकडे वरचे थर काढून नवे टाकून भागेल. तिसरीकडे पाण्याचा निचरा आणि पाया दुरुस्त केल्याशिवाय टाकलेलं सगळं डांबर वाया जाणार आहे. ही एवढी माहिती त्या धप्प आवाजातून मिळते.

यामागचं गणित उलट्या बाजूने सोडवतात. थरांच्या मजबुतीचे आकडे मानायचे, त्यांनी खळगा कसा पडेल हे काढायचं, मोजलेल्या खळग्याशी ताडून बघायचं आणि जुळेपर्यंत आकडे बदलत राहायचं. आयआयटी खरगपूरने यासाठी बनवलेला प्रोग्राम आपल्याकडे वापरतात. दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. डांबर उन्हाने मऊ होतं, म्हणून सगळे आकडे ३५ अंशांवर आणून बघतात. त्यासाठी रस्त्याच्या आतलं तापमान हवं असतं, आणि ते मोजायला चार सेंटिमीटर खोल बारीक भोक पाडून, त्यात ग्लिसरीन भरून तापमापी बुडवतात. न फोडता केलेल्या तपासणीतला हा एवढा अपवाद. आणि मोजायचं ते पावसाळा संपल्या संपल्या, कारण माती तेव्हा सगळ्यात मऊ असते. मे महिन्यात घेतलेल्या आकड्यांवर तसाच विश्वास ठेवला तर कमकुवत रस्ताही पास होईल.

## यंत्रांशिवाय रस्ते टिकत नव्हते का?

पुणेकर हा प्रश्न विचारणारच, आणि जंगली महाराज रस्त्याकडे बोट दाखवणार. १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधलेला तो रस्ता कित्येक दशकं खड्ड्यांशिवाय राहिला. तेव्हा कुठे होतं रडार?

प्रश्न रास्त आहे. चांगला रस्ता यंत्राने होत नाही. तो होतो माल गरम असताना दाबल्याने, पाण्याला वाट ठेवल्याने, आणि करणाऱ्याने जबाबदारी घेतल्याने. जिथे बांधणाराच दहा वर्षांची हमी देतो, तिथे तपासनीस त्याच्या आतच बसलेला असतो. आज जिथे हमीचा काळ लहान असतो, काम एकाचं आणि देखरेख दुसऱ्याची असते, तिथे बाहेरून तपासणारा लागतो.

## मग कोअर काढणं बंद करायचं?

नाही. रडारला लहरींचा वेग माहीत असावा लागतो आणि तो खडीच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टचा आकडा दुसऱ्या प्रांतातल्या ग्रॅनाइटच्या रस्त्याला लावला तर जाडी चुकेल. म्हणून दोन-चार कोअर काढून यंत्र त्यांच्याशी जुळवून घ्यावंच लागतं. शिवाय मिश्रणात डांबर किती टक्के घातलंय हे रडारला सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. फरक पडतो तो कोअर कुठे काढायचा यात. आज जागा अंदाजाने निवडतात, आणि आधीच कळली तर तिथेच चार फेरे जास्त मारले जाण्याची शक्यता असते. रडारच्या नकाशावर सगळ्यात वाईट दिसणाऱ्या जागी कोअर घेतला, तर त्या एका ठोकळ्याचं मोल पूर्वीच्या दहांपेक्षा जास्त.

## कॅमेरा लावलेल्या गाडीने भागणार नाही का?

महामार्गांवर फिरणाऱ्या पाहणी गाड्यांवर लेसर आणि चहूबाजूंचे कॅमेरे असतात. त्या भेगांची लांबी-रुंदी, चाकोरीची खोली, खड्डे आणि रस्त्याचा खडबडीतपणा चालत्या गाडीतून टिपतात. हजारो किलोमीटरमधून कुठे लक्ष द्यायचं हे ठरवायला त्या उत्तम. पण त्या बघतात कातडी. भेग दिसली म्हणजे आजार वर आलेला आहे. पोटातलं कळायला रडार आणि एफडब्ल्यूडीच लागतं. डेन्मार्कमध्ये तयार झालेली एक गाडी हायवेच्या वेगाने जाता जाता लेसरने खळगा मोजते आणि बऱ्याच देशांत वापरली जाते. मोबाइलमधल्या सेन्सरवरून खड्डे नोंदवणारी अ‍ॅप्सही आहेत. ती उपयोगी आहेत, पण त्यांना कळतो तो आधीच पडलेला खड्डा.

सुटलेले थर ओळखणं अजूनही अवघड आहे. कोरड्या फटीतून रडारला फारसं काही दिसत नाही. तिथे हातोडीसारखा ठोका देऊन लहरी ऐकणारी यंत्रं वापरतात. माठ घेताना आपण टिचकी मारतो, गवंडी लादी वाजवून खाली पोकळ आहे का ते बघतो, तेच तत्त्व. पण थंड, कडक डांबर वाजतं तसं तापलेलं, मऊ डांबर वाजत नाही, त्यामुळे हे काम पहाटे केलेलं बरं.

## हे सगळं महाग नाही का?

यंत्रं महाग आहेत, यात शंका नाही. प्रत्येक गल्लीत ती आणायची गरजही नाही. पण ऊस वाहतुकीच्या एखाद्या रस्त्याचा विचार करा. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातल्या ऑटावाजवळ ट्रक रात्रंदिवस फिरवून एक मोठी रस्ता चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम सांगतो, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. हंगामात भरभरून जाणाऱ्या ट्रॉल्यांचा रस्ता किती जाड करायचा, हे नजरेने ठरवून चालणार नाही. तिथे दोन-तीन रात्रींची एफडब्ल्यूडी चाचणी करून कुठल्या पट्ट्याला किती थर हवा हे काढलं, तर जिथे गरज नाही तिथलं डांबर वाचतं आणि जिथे पाया खचलाय तिथे पैसा पायावर जातो.

## आपण काय विचारायचं?

प्रत्येक रस्त्याच्या कामात दोष दायित्व कालावधी असतो. या काळात निघालेला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना हा काळ पाच वर्षांचा आहे. पण वर पाहिलं तसं, दोष दिसायच्या कितीतरी आधी आत असतो. मुदत संपल्यावर पुढच्या पावसाळ्यात खड्डा पडला, तर खर्च आपल्या करातून. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, की मुदत संपण्याच्या आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठ्या रस्त्यांवर रडार आणि एफडब्ल्यूडी फिरलंच पाहिजे, आणि आलेले आकडे रस्त्याच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाशेजारी लागले पाहिजेत.

तोवर माहिती अधिकारात अर्ज करून चार गोष्टी मागता येतात: कोअरच्या जागा आणि त्यांचे निकाल, अंथरताना नोंदवलेलं तापमान, घनतेचे आकडे, आणि एनडीटी झाली असेल तर तिचा अहवाल. आमच्या कॉलनीच्या रस्त्यासाठी असा अर्ज शेजारच्या काकांनीच केला. उत्तरात आलेला कागद घेऊन ते संध्याकाळी माझ्याकडे आले आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, "पूर्ण भरीव मालाच्या ९१ टक्के घनता लिहिलीय. म्हणजे हवा नऊ टक्के ना?"

होय काका, नऊ टक्के.